दुसऱ्या फोनचा रकाना

प्रिय ठमे,

दादाचा दमा कसा आहे? वहिनीच्या टाचा अजून ठणकतात का? जावईबापूंची पाठ, धाकटीचा सुजलेला दात, सगळं कळव. मी चालतीफिरती आहे, झोप तेवढी उडाली आहे.

गेल्या महिन्यात आमच्या इस्पितळातल्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर बदललं. त्यासोबत डेटाबेसचा आराखडाही नवा, म्हणजे रुग्णांची माहिती जुन्या रकान्यांतून नव्यात हलवायची. नोंदणीचं टेबल माझं, म्हणून कंपनीचा चष्मेवाला इंजिनिअर रकान्यांची यादी घेऊन माझ्यापाशी बसला. काकू, ‘दुसरा फोन’ म्हणजे नुसते आकडेच ना, म्हणाला. मी चहाचा घोट घेत हो म्हटलं आणि सही ठोकली.

संगणक मी बघून बघून शिकले, त्याचा केवढा तोरा! आणि विसरले ती माझीच खोड. जुन्या फॉर्मवर कुठलं औषध सोसत नाही हे लिहायला जागाच नव्हती. मग मीच नर्सना सांगितलं होतं, बायांनो, दुसरा फोन कुणी देत नाही, तिथे लिहा. त्या बिचाऱ्या वर्षानुवर्षं लिहीत गेल्या. नव्या रकान्याने आकडे घेतले, अक्षरं गाळली. पडद्यावर हिरवी खूण आली, चुका शून्य. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

आठवड्याने जुनी प्रत नियमाप्रमाणे पुसली. परवा एका आजोबांचं अंग इंजेक्शननंतर सुजलं, श्वास घरघरला. थोडक्यात वाचले. त्यांची लेक ओरडत होती, अहो, तुमच्याकडे लिहून ठेवलंय ना! मी रकाना उघडला. कोरा. पुढच्याचा उघडला. तोही कोरा. ज्यांची अक्षरं गळाली त्यांची नुसती नावं संगणकाने टिपून ठेवली होती, ती इंजिनिअरने काढून दिली, नऊशे बारा. साहेब म्हणाले, बोभाटा नको, गुपचूप कागदी फायली चाळा. दोनशे सापडल्या. चाळणं चालू आहे, इंजेक्शनंही चालू आहेत.

त्या नावांत तुझं आहे, ठमे. आणि काल आलेल्या ऑपरेशनच्या यादीतही, पित्ताशयाचे खडे, पुढच्या महिन्यात. आमच्याकडेच कर, हा हट्ट माझाच. तू म्हणशील, पेनिसिलिन चालत नाही हे आत्यानेच लिहून ठेवलंय, मी कशाला सांगू? तिथे आता काही नाही गं. फोनवर हसण्यावारी नेशील, म्हणून कागदावर देते. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात हा कागद ठेव, आणि तोंडानेही सांग. तुझं हे पहिलं पत्र. उरलेल्यांना साहेबांना न विचारता लिहायला बसते आहे. पत्ते तेवढे धड हलले आहेत. पत्र पोचलं, एवढी एक ओळ तरी उलट टपाली धाड. तोवर घास घशाखाली उतरायचा नाही.

तुझीच,
आत्या