अमरापुऱ्याचे हात

शुक्रवार, २८ मार्च २०२५

मंडालेला भूकंप! दुपारी टीव्हीवर पट्टी फिरली तेव्हा मी प्रदर्शनाच्या फ्रेमांच्या काचा पुसत होतो. अमरापुरा मंडालेला चिकटूनच — माझं अमरापुरा, ब्रह्मदेशातलं विणकरांचं गाव. जॉला फोन लावला. लागत नाही. पुन्हा लावला. नाहीच.

दुसरा विचार काय आला तोही लिहितो, इथं नाही तर कुठं लिहिणार — प्रदर्शन पुढच्या शनिवारी आहे. आता लोक येतील.

पहिला विचार जॉचा होता. एवढं तरी.

शनिवार, २९ मार्च

फोन नाही. कोथरूडला गॅलरीत गेलो. मालक शरच्चंद्रराव आत कुणाशी तरी बोलत होते. दार लोटलेलं. पण कान माझे लहानपणापासून तिखट.

"नाही हो, बिबवेवाडीचे. आधी पासपोर्ट फोटोवाले होते... हो, आता ह्यांच्यातले लोक जातातच ना तिकडे, बुद्धाच्या देशात... पण डोळा आहे हं, ते मान्य करायला हवं."

मग बाहेर आले. "या या! काय हो हे, भूकंप! आणि आपलं प्रदर्शन. वेळ साधलीत म्हणायची!"

मी म्हटलं, "हो ना, महिनाभर आधीच कळवून ठेवलं होतं भूकंपाला." हसले. मीही हसलो. धंदा हसतच करायचा असतो, हे मी अठराव्या वर्षी शिकलो.

पण 'ह्यांच्यातले' डोक्यातून जाईना. वडिलांनी छप्पन्न साली लहानपणी दीक्षा घेतली, त्यांना बौद्ध देश बघायला मिळाला नाही. मी २००४ला गेलो तो खरं तर त्यांच्या नावानं. पहिल्याच दिवशी जॉला — माझा वाटाड्या, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा — आडनाव विचारलं. म्हणाला, "आमच्यात नसतं सर. नुसतं नाव. घरात प्रत्येकाचं वेगळं." मी रस्त्याच्या कडेला बसलोच! पुण्यात खोली बघायला गेलो की पहिला प्रश्न आडनाव, दुसरा "म्हणजे नेमके कुठले?" आणि इथं अख्ख्या देशाला तो प्रश्नच माहीत नाही. तेव्हापासून सोळा वेळा गेलो. गल्लीतून चालताना नुसत्या आवाजावरून सांगायचो, कुठला माग कुणाचा. नम्रता म्हणते, "सासुरवाडीच तिकडची करायची होती, मी सुटले असते."

रविवार, ३० मार्च. पाडवा

जॉ आहे! दुसऱ्याच्या फोनवरून आवाजी निरोप आला.

त्याची आई गेली. दॉ मिया. ('दॉ' म्हणजे आपण मोठ्या बाईला 'ताई', 'मावशी' लावतो तसं.) घर बसलं, माग अंगावर आला. अंत्यविधी झाला. त्यांच्यात सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण असतं. तोवर माणूस घराच्या आसपासच असतो म्हणतात. मग त्याला निरोप.

"सर, घरातले सगळे फोटो गेले. माझा फोनही खाली राहिला. आईचा एक चांगला फोटो पाठवा. गुरुवारपर्यंत. तुमच्याकडे खूप असतील."

निरोप तीनदा ऐकला. त्याच्या मागं एकही माग वाजत नव्हता.

लिहिलं — "नक्की. मोठाच पाठवतो."

श्रीखंड आणलं होतं. खाल्लं.

सोमवार, ३१ मार्च

सकाळपासून हार्ड डिस्का काढून बसलोय. ब्रह्मदेशाचे एकवीस हजार फोटो. अर्ध्याहून जास्त अमरापुऱ्याचे, आणि त्यातले निम्मे तरी दॉ मियाच्या अंगणातले. सोळा वेळा त्या घरी जेवलोय. सापडणार नाही म्हणजे काय!

दुपारपर्यंत हे सापडलं — कोपर. पाठ, खूप वेळा. लुंगीचा काठ (तिकडं बायकाही लुंगीच नेसतात). अंबाड्यातलं फूल. कडेला हनुवटी, ओठापाशी फ्रेम संपते. आणि हात. हात, हात, हात.

अकरा वर्षं मी बिबवेवाडीत चेहरेच काढले. 'हनुवटी खाली, दोन्ही कान दिसू द्या, हसू नका.' दिवसाला चाळीस चेहरे. चेहऱ्याचा वीट आला होता. तिकडं जाऊन हात काढायला लागलो आणि नाव झालं. आता गॅलरीच्या मधल्या भिंतीवर आहे तो 'हात' — मागावरचे ते दोन हात, पोस्टरवर तेच, माझ्या व्हिजिटिंग कार्डावर तेच — ते दॉ मियाचेच. मूळ फाइल उघडली. वाटलं, वरचं मी कापलं असेल. गळ्यापर्यंतच आहे. कापायलाही चेहरा नव्हता.

एकच फोटो बरा. २०१८ची सहल, मी पुण्याहून बारा हौशी लोकांना घेऊन गेलो होतो तेव्हाचा. मध्ये द्वारकाबाई. कोथरूडच्या निवृत्त मुख्याध्यापिका, गळ्यात भारीतला कॅमेरा, आणि फोटो काढायच्या मोबाइलवर! माझ्या प्रत्येक फ्रेममध्ये यायच्या. बसमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "द्वारकाबाई, तुम्ही फोटो काढू नका, नुसती हजेरी घ्या. ती तुम्हाला येते." बस हसली. त्याही हसल्या, पण अर्ध्या क्षणानं उशिरा. मला ऐकू आलं होतं.

त्यांच्या खांद्यामागं दॉ मिया आहे. अर्धा चेहरा. धुरकट.

मंगळवार, १ एप्रिल

त्या अर्ध्या चेहऱ्यावर कॉम्प्युटर लावला. हल्ली प्रोग्रॅम असतात, उरलेलं स्वतःच भरतात. नाक आलं, दोन डोळे आले, सुरकुत्या आल्या, हसूही आलं. सुंदर म्हातारी! प्रदर्शनात लावावी अशी.

नम्रता चहा घेऊन आली. "ही कोण?"

"दॉ मिया."

बघत राहिली. ती एकदाच आली होती तिकडं, २०११ला. "मला जेवू घातलं होतं त्यांनी. ही नव्हे."

"चौदा वर्षांत माणूस म्हातारं होतं."

"भुवईवर खूण होती त्यांच्या. चांगली मोठी, माग लागलेली. खाणाखुणा करून मला गोष्ट सांगितली होती अख्खी."

मी विचारलं, "कुठल्या भुवईवर?"

नम्रतानं कप ठेवला. "डाव्या," म्हणाली आणि गेली.

डाव्या भुवईवर खूण घातली. छान बसली.

बुधवार, २ एप्रिल

पाठवला. सोबत लिहिलं — "थोडा मऊ आलाय, पण चेहरा स्पष्ट आहे. जुनी डिस्क, शोधायला वेळ लागला."

तासाभरानं जॉ — "मिळाला सर. धन्यवाद."

सुटलो!

संध्याकाळी गॅलरीत. शरच्चंद्ररावांना मीच सांगितलं की 'हात'मधली बाई भूकंपात गेली. फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "खाली एक ओळ टाकू या का? 'हे हात आता नाहीत.' काळ्यावर पांढऱ्या अक्षरात." मी म्हटलं, बरं दिसेल. मग अक्षराच्या आकारावर आम्ही वीस मिनिटं बोललो. दोघंही मनापासून.

गुरुवार, ३ एप्रिल

आज सातवा दिवस. अकराच्या सुमारास द्वारकाबाईंचा फोन. सात वर्षांनी! वाटलं, प्रदर्शनाचं आमंत्रण मिळालं असेल.

"सर, बघितलंत का? सगळं कसं नेटकं झालं, नाही?"

"काय?"

"दॉ मियांचं सातव्याचं. जॉनं व्हिडिओवर दाखवलं ना. ताडपत्रीखाली होतं, पण पाच भिक्खू जेवले. तुम्हाला नाही लावला? नेट गेलं असेल."

मी विचारलं, तुम्हाला कसा काय लावला.

"अहो, आम्ही दर रविवारी बोलायचो. मला त्यांचं कळायचं नाही, त्यांना माझं. तरी अर्धा तास जायचा! मी भाजी दाखवायची, त्या माग दाखवायच्या. फोटो माझाच ठेवला होता आज. दोघींचा होता, मोबाइलवरचा, मला कापलं त्यातून. बरंच केलं."

मी 'हं' म्हटलं.

"तुमचा मोठा फोटो नाही दिसला कुठं. मला वाटलं तोच लावतील. जॉ सांगायचा ना, त्या सगळ्या गल्लीला म्हणायच्या, इंडियात एका भिंतीवर माझा चेहरा लावलाय, एवढा मोठा! हात पसरून माप दाखवायच्या मला. म्हणजे आहे ना सर तो?"

"आहे."

"कुठं आहे हो? मला जाऊन बघायचाय. आता तेवढंच राहिलं."

म्हटलं, सांगतो. फोन ठेवला.

द्वारकाबाई टोमणा मारत नव्हत्या. माझा कान फसत नाही. खरंच विचारत होत्या. टोमणा असता तर सोपं गेलं असतं, त्याला उत्तर देता येतं मला.

शुक्रवार, ४ एप्रिल

सकाळी जॉला लिहिलं. चारदा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं —

"तो फोटो मशीननं केलेला आहे. खूणसुद्धा मीच घातली, ती मला नम्रताकडून कळली. दॉ मियाचा चेहरा माझ्याकडे नाही. एकही नाही. माफ कर."

वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या.

दुपारी शरच्चंद्ररावांना म्हटलं, ती खालची ओळ काढू या. म्हणाले, "आता? छापून, चिकटवून झालंय. आणि किती परिणाम साधतोय बघा!" लांब उभं राहून बघितलं. साधतोय. तशीच ठेवली.

शनिवार, ५ एप्रिल

उद्घाटन झालं. 'हात'समोर सगळ्यात जास्त गर्दी. जॉचा निरोप दीपप्रज्वलनाच्या वेळी आला होता. घरी येऊन वाचला. इथं उतरवून ठेवतो —

"फोटो नाही, हे मला माहीत होतं सर. प्रत्येक वेळी बॅग माझ्याच खांद्यावर होती. आई नवी लुंगी नेसून उजेडात येऊन उभी राहायची आणि तिला बाजूला घे म्हणून तुम्ही मला सांगायचात. मी तिला सांगायचो, झाला तुझा काढून, आता तिकडे भिंतीवर लावतील. सोळा वेळा सांगितलं. माझं लक्ष नसताना तुम्ही एखादा तरी काढला असता, तर मी तिच्याशी खोटं बोललो नाही असं झालं असतं. म्हणून मागितला."