पाच बाया, पाच काढे

अहमदनगर, १९४६

संपादकसाहेबांना यशयाचा सलाम.

आमच्या चाळीवरच्या कादंबरीचा पुढचा भाग माझ्याकडून होणार नाही. गेल्या भागात मी लिहिलं होतं, इथं एखादं पोर खोकलं की पाच बाया पाच काढे घेऊन घरात शिरतात. वाचक पोट धरून हसले, असं तुम्ही कळवलंत. चाळही हसली असेल, असं मी धरून चाललो.

आता माझी कृपा तापानं फणफणली आहे. आईविना पोर. शेजारच्या चांदबीच्या घरातून काढ्याचा वास येत होता, म्हणून दार वाजवलं. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "नगं मास्तर. आमी आलो की तुमी छापता."

हे पत्र पेटीत टाकून यायचं, तर कृपाजवळ बसायला कोणी नाही.

आपला,
यशया