दोन शब्दांखालची टिंबे

दि. १४ नोव्हेंबर

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. गुडघा वगळता माझी तक्रार नाही.

धाकट्याने तुला पाठवलेल्या पत्राची प्रत काल मला दाखवली. 'बाबा दुखण्याला घाबरले आणि उतारवयात देव देव करू लागले,' असे तो लिहितो. हे चूक आहे. मी आजारी पडलोच नाही; पडले ते समोरच्या गल्लीतील शिंपीदादा. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या माणसाच्या घरातून चुकीचा मजकूर बाहेर जावा, हे मला सोसत नाही. म्हणून हे शुद्धिपत्र.

तुझी आई गेल्यावर मी सकाळी शिंपीदादांच्या दुकानात बसू लागलो. वर्तमानपत्र मी वाचायचे, त्यातील चुकाही मीच काढायच्या.

"तपासनीस, तुमच्या जिभेला इस्त्री जरा जास्तच झालीय," ते म्हणत. "चुरगळू द्या की थोडी."

कापडाला कात्री लावण्यापूर्वी ते क्षणभर डोळे मिटतात. मी एकदा विचारले, "मापे तुम्ही घेतलीत, खडूही तुम्हीच ओढलात. मग देवाला कशाला त्रास?"

"माप माझं, कात्री माझी. पण एकदा कापलं की परत जुळत नाही ना. म्हणून आधी थांबायचं."

मी हसलो होतो. पुढे लेखणी उचलताना माझाच हात केव्हा थांबू लागला, ते कळले नाही. 'बघू, त्याच्या मनात असेल तसं,' हे त्यांचे पालुपदही माझ्या तोंडी बसले. सूनबाई ऐकते आणि तोंड लपवून हसते.

ऑगस्टमध्ये त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. मी बाहेर बाकावर होतो. "देवा, एवढा माणूस राहू दे," असे मी बोललो, आणि मोठ्याने बोललो. शेजारची बाई म्हणाली, "आजोबा, आमच्या यांच्यासाठीपण म्हणा." तिच्यासाठीही म्हटले.

शिंपीदादा बोलू लागल्यावर मी हे त्यांना सांगितले. टाके सांभाळत ते हसले. "ढवळ्याशेजारी बांधला पवळा, तपासनीस. वाण नाही, पण गुण लागला."

मला हसता आले नाही. सहा वर्षांपूर्वी हीच म्हण मी तुझ्या पत्राच्या समासात लाल शाईने लिहिली होती. तुझी मुलगी तेव्हा काचेच्या पेटीत होती. तू लिहिलेस, 'बाबा, देवाच्या दयेने बाळ वाचलं.' सासरच्या माणसांत राहून तुझी भाषा बिघडली आणि बुद्धीही, असे मला वाटले. 'देवाच्या दयेने' हे दोन शब्द मी खोडले, वर 'डॉक्टरांमुळे' असे लिहिले आणि पत्र तुला परत पाठवले. बाळ कसे आहे, हे विचारले नाही. त्यानंतर तू लिहिले नाहीस. घरात मी सांगितले की, तुझे पत्र टपालात हरवले. धाकट्याला अजून तेच खरे वाटते.

डॉक्टरांचे उपकार मी आजही मानतो. परंतु तेव्हा तुझ्याजवळ बाकावर कोणीतरी बसायला हवे होते. तुझ्या सासरची माणसे बसली. मी बसलो नाही.

खोडलेला शब्द पुन्हा ठेवायचा असेल, तर आम्ही त्याच्याखाली टिंबे देतो. ते पत्र तू फाडले नसलेस, तर ती टिंबे मला स्वतःच्या हाताने द्यायची आहेत. येऊ का?

शिंपीदादांनी नातीच्या झग्यासाठी पिवळे कापड काढून ठेवले आहे. तुझ्याकडून माप आल्याशिवाय कात्री लावणार नाही, म्हणतात.

धाकट्याच्या पत्रातील तारखा दुरुस्त करून देतो.

माझे दुखणे: तो लिहितो, जुलै. झालेच नाही.

शिंपीदादांची शस्त्रक्रिया: २२ ऑगस्ट. १२ नव्हे.

तुझे पत्र: टपालात हरवले नाही. ३ मार्च रोजी मी ते परतीच्या पाकिटात घालून स्वतः पेटीत टाकले.

नात इस्पितळातून घरी आली: ही तारीख मला ठाऊक नाही. जागा मोकळी सोडली आहे; तू भर.

तुझे उत्तर येईपर्यंत हात थांबवून बसलेला,
बाबा