आजीवन सभासदत्व कोणाला

मी, दमयंती पद्मनाभ हर्डीकर, वय एकाहत्तर, सिंगापूरची नागरिक, राहणार पासिर रिस, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याचे प्रयत्न झाले, त्यांचा उल्लेख कलम ५ मध्ये येईल.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात माझे चाकांवरचे घर, म्हणजे मोटरहोम, विकण्याची सूचना होती. ती मी पतिनिधनानंतरच्या महिन्यात, इतरांच्या सांगण्यावरून लिहिली होती.

कोर्टासाठी इंग्रजी प्रत वकील नीता देसाई यांनी तयार केली आहे. दोन्हींत फरक आढळल्यास कायद्याने इंग्रजी प्रत खरी मानावी. घरच्यांनी मात्र ही वाचावी, आणि सर्वांनी एकत्र बसून, मोठ्याने वाचावी.

कलम १. माझा एकुलता एक मुलगा रोहन याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते. त्याला फायली लावण्याची आवड आहे. यातील एक काम त्याच्या मताविरुद्ध आहे हे मला ठाऊक आहे. ते त्याने तितक्याच नीटपणे करावे.

कलम २. सीपीएफमधील, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीतील, रक्कम मृत्युपत्रात येत नाही. तिचे नॉमिनेशन झालेले आहे. यावर घरात चर्चा नको.

कलम ३. पासिर रिसचा फ्लॅट रोहनला नियमाप्रमाणे ठेवता येत नसेल तर विकावा. येणाऱ्या रकमेचा अर्धा भाग रोहनचा, अर्धा माझी नात जाई हिच्या शिक्षणासाठी. शिक्षण कोणते ते जाई ठरवेल. तिच्या वडिलांनी सुचवावे, पण एकदाच.

कलम ४. तुआसच्या व्हॉल्व्ह कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात लागले आणि त्या विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाले. माझा व्हर्नियर कॅलिपर जाईला द्यावा. एका साहेबांनी मला सर्वांसमोर विचारले होते, "मॅडम, केसाएवढ्या फरकासाठी अख्खा माल परत पाठवणार?" मी पाठवला. ते साहेब पुढे दुसऱ्या कंपनीत गेले, माल बदलून आला. माणसे आवाजाने मोजू नयेत, वस्तू डोळ्यांनी मोजू नयेत, एवढे जाईने लक्षात ठेवावे. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणेल, "आजी, सो फिअर्स लाह!" म्हणू दे.

माझी पाणसळ जाईला नाही. ती कलम ५ मधल्या गाडीबरोबर जाईल. गाडी उतारावर उभी असली की रात्रभर डोके खाली आणि पाय वर राहतात, हे पाणसळ न लावणाऱ्यांना सकाळी कळते.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. ऑस्ट्रेलियात पर्थच्या दक्षिणेला समुद्राजवळ लाँग पॅडक क्लबाच्या कॅम्पवर माझी मोटरहोम उभी असते. ती गाडी आणि त्या क्लबाचे आजीवन सभासदत्व, या दोन गोष्टी कोणाच्या, यावरून या घरात गेली दोन वर्षे जेवणे गार झाली आहेत. क्लबाने आजीवन सभासदत्व देणे आता बंद केले आहे. जुनी सभासदत्वे परत घ्यायला ते तयार आहेत. ठेवायचे असेल तर ते सभासदाच्या, जोडी असेल तर दोघांच्याही, मृत्यूनंतर एकदाच, एकाच व्यक्तीच्या नावे करता येते. त्यानंतर ते संपते. म्हणून नाव विचार करून लिहायचे आहे.

हे सभासदत्व माझे पती पद्मनाभ यांनी आम्हा दोघांच्या नावे, जोडीने घेतले. निवृत्तीनंतर आम्ही तिकडे भाड्याची मोटरहोम घेऊन फिरत होतो. क्लबाने दोन रात्री फुकट राहायला दिल्या. अट एकच, त्यांच्या माणसाचे भाषण ऐकायचे. भाषणानंतर जेवण होते आणि जेवणानंतर सही. मी त्या वेळी लाँड्रीत होते. हे मी आजवर दर भांडणात सांगितले आहे, येथे शेवटचे सांगते.

पद्मनाभ हिशेबी गृहस्थ होते. ते का भुलले याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या या देशात घर नव्व्याण्णव वर्षांच्या लीजवर मिळते. गाडी घेतली की दहा वर्षांत तिचे सर्टिफिकेट संपते. आम्ही आलो ते नोकरीच्या पासवर, तोही मुदतीचा. इतकी वर्षे मुदती सांभाळलेल्या माणसापुढे कोणी "आजीवन" हा शब्द ठेवला की तो चष्माही न लावता सही करतो. लाँड्रीतून मी परत आले तेव्हा ते म्हणाले, "दमू, ही एकच गोष्ट आपल्याला पुन्हा रिन्यू करायची नाही." सही केलेला कागद त्यांनी उलटा धरला होता.

वार्षिक देखभाल वर्गणी दर वर्षी भरावी लागते हे मागच्या पानावर होते.

त्यानंतर आम्ही जुनी मोटरहोम विकत घेतली, कारण सभासदत्व आहे आणि गाडी नाही हे त्यांना विचित्र वाटले. पुण्याचे माझे धाकटे दीर प्रताप भावजी तेव्हा फोनवर म्हणाले, "वहिनी, तंबू ठोकायच्या जागेची वर्गणी? आमच्याकडे लोक फुटपाथवर फुकट झोपतात!" पुढे त्यांनी या क्लबाला "संडास क्लब" नाव ठेवले, कारण मी पत्रात तेथील स्वच्छतागृहांची स्तुती केली होती. रोहन एवढेच म्हणाला, "आई, हा चक्क स्कॅम आहे."

सुरुवातीची तीन वर्षे भावजी आणि रोहन, दोघांचेही म्हणणे बरोबर होते. हे मी येथे लिहून देते, म्हणजे पुढे कोणी माझ्या तोंडी दुसरे घालणार नाही. शाळांच्या सुट्टीत जागा मिळत नसे. पद्मनाभांना रोज नवे गाव पाहायचे असे आणि क्लबाचे कॅम्प जिथल्या तिथेच होते. आम्ही बाहेर पैसे देऊन राहत होतो आणि वर्गणीही भरत होतो. मग पद्मनाभ गेले.

तेराव्यानंतर सगळे माझ्या बैठकीच्या खोलीत बसले होते. प्रताप भावजी म्हणाले, "वहिनी, आता गाडी कोण चालवणार? ती काय दारात उभी करून पूजा करायची आहे?" रोहन म्हणाला, "मी क्लबाला मेल टाकतो." मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. मी नकाशा वाचत असे. माझ्याकडे न बघता दोघांनी गाडीची किंमत ठरवायला घेतली, तेव्हा मी उठले आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आले.

दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा पास झाले. परीक्षक माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्याने विचारले, "आंटी, या वयात कुठे जायचंय?" मी म्हटले, "मागे." कारण पुढे जाणे मला जमत होते. मोटरहोम मागे घेऊन दोन झाडांच्या मधल्या जागेत उभी करणे, हेच काय ते बाकी होते.

लाँग पॅडकवर एक रीत आहे. दुपारी चारच्या सुमारास बाहेरून गाड्या येऊ लागल्या की जुने सभासद खुर्च्या बाहेर काढून रांगेने बसतात आणि नवा माणूस गाडी मागे कशी घेतो ते पाहतात. कोणी दुसऱ्याच्या स्टिअरिंगला हात लावत नाही, तो असभ्यपणा समजतात. हसायला मात्र मुभा आहे. मी एकटी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळी रांग भरली होती. मी गाडी आत घेतली, बाहेर काढली, तिरकी केली, पुन्हा बाहेर काढली. कॅम्पची देखभाल करणारी मॉरीन, तीही विधवा, खुर्चीतून ओरडली, "आरशात बघ, आमच्याकडे नको! आम्ही काही सुंदर नाही!" सूर्य खाली गेला तरी कोणी उठले नाही. शेवटी गाडी सरळ बसली. मी पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आला. तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मॉरीन म्हणाली, "तुझी खुर्ची कुठे आहे? रांगेत आण."

पद्मनाभांची निळी घडीची खुर्ची गाडीत होती. त्या दिवसापासून ती त्या रांगेत आहे.

आता जे विचारतात, निवृत्त माणसांनी असे सभासदत्व घ्यावे की नाही, त्यांना माझे उत्तर. वर्षातून दोन आठवडे फिरणार असाल तर घेऊ नये. रोज नवे गाव हवे असेल तर मुळीच नाही. फुकटच्या जेवणानंतर सही करू नये, मागचे पान आधी वाचावे, वर्गणी वाढणार हे धरून चालावे, सुट्टीत जागा नाही हेही. मग कोणी घ्यावे? ज्याला त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा परत जायचे आहे, आणि आपण आलो नाही तर कोणीतरी "ती कुठे राहिली?" असे विचारावे असे वाटते, त्याने घ्यावे. मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे मला जायला उशीर झाला. मॉरीनचा फोन मला हॉस्पिटलमध्ये आला. येथे माझ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मी ऑपरेशनला गेले हे लिम बाई सोडून कोणाला माहीत नव्हते. पद्मनाभांनी ते घेतले तेव्हा चूक होती. मी ती वापरून वापरून बरोबर करून घेतली.

कलम ६. ती गाडी, पाणसळ आणि लाँग पॅडक क्लबाचे आजीवन सभासदत्व मी माझी सून अपूर्वा हिला, तिच्या एकटीच्या नावे देते. जोडीने नाही.

कारण सांगते. रोहन तीनदा कॅम्पवर आला आणि तिन्ही वेळा त्याने सिंगापुरातल्या आपल्या पाया लेबारच्या ऑफिसला फोन लावण्यासाठी सिग्नल शोधला. अपूर्वा गेल्या वर्षी पहिल्यांदा आली. सभासदत्व परत देण्यावरून जेवणाच्या टेबलावर वाद चालत तेव्हा ती कधी बोलली नव्हती. तिला काही म्हणायचे नाही असे मी धरून चालले होते. कॅम्पच्या फाटकाशी ती म्हणाली, "आई, आज मी मागे घेऊ?" रोहन म्हणाला, "अगं, तू कशाला, मी घेतो ना." ती म्हणाली, "तुला विचारलं नाही." खुर्च्या भरलेल्या होत्या. तिने आरशात पाहिले, खुर्च्यांकडे नाही, आणि दुसऱ्या खेपेत गाडी आत घातली. मॉरीन मला म्हणाली, "ही तुझी मुलगी?" मी हो म्हटले. सून या शब्दाला तिकडे नीट शब्द नाही, आणि असता तरी मी वापरला नसता.

अट एकच. कॅम्पवर पोचल्यावर गाडी अपूर्वानेच मागे घ्यायची. रोहनने उतरून मागे उभे राहावे आणि गप्प राहावे. पुढे कधी अपूर्वाला हे नकोसे झाले तर तिने ते बिनदिक्कत परत द्यावे, मी वर बसून रागावणार नाही. पण परत देणे तिच्या मनाने व्हावे, कोणाच्या मेलने नव्हे. हस्तांतराचे अर्ज रोहनने भरायचे आहेत, व्यवस्थापक म्हणून.

कलम ७. मागच्या बंपरवरची खोक दुरुस्त करू नये. ती प्रताप भावजींची आहे. दोन वर्षांपूर्वी ते माझ्याबरोबर आले होते. फाटकाशी म्हणाले, "सरका वहिनी, लक्ष्मी रोडवर चाळीस वर्षे गाडी चालवली आहे." मी सरकले. त्यांनी पाण्याचा नळ पाडला. कारंजे उडाले, रांगेतले सगळे भिजले, आणि कोणीही खुर्ची सोडली नाही. लोक हसतील म्हणून भावजी गाडीतून उतरेनात. मॉरीनने टॉवेल आणून दिला, चहा दिला आणि त्यांना रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीत बसवले. ती पद्मनाभांची होती. भावजींना ते मी सांगितले. त्यानंतरचे चारही दिवस चार वाजले की ते आपणहून तिथे जाऊन बसत. पुण्याला परतल्यावर मात्र पुन्हा "संडास क्लब" सुरू झाले.

कलम ८. ती निळी खुर्ची मी प्रताप भावजींना देते. ती कॅम्पवरच राहील, पुण्याला नेता येणार नाही. बसायचे असेल तर तिथे यावे लागेल, अपूर्वाचे पाहुणे म्हणून, आणि आधी तिला विचारून.

कलम ९. माझ्या अस्थी येथील समुद्रात, परवानगीच्या जागी सोडाव्यात. कॅम्पवर नेऊ नयेत. क्लबाच्या नियमात बसत नाही, मी विचारले आहे.

साक्षीदारांविषयी. प्रताप भावजी सध्या माझ्याकडे मुक्कामाला आहेत. मी त्यांना साक्षीदार व्हायला सांगितले आणि त्यांनी आनंदाने होकार दिला, कारण सही करायची म्हणजे आधी वाचायला मिळणार. नीता देसाईंनी तेव्हा कायदा सांगितला. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्ष केली, तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेली वस्तू जाते. भावजींनी पुन्हा कलम ८ वाचले.

"म्हणजे एक तर सही, नाही तर ती खुर्ची?"

"हो," नीता म्हणाल्या.

"फाटकी घडीची खुर्ची. तीही त्या संडास क्लबात."

"हो, भावजी," मी म्हटले. "पेन तुमच्याच हातात आहे."

पेन त्यांच्या हातात बराच वेळ होते. पुढचे खाली दिसतेच आहे.

स्थळ: पासिर रिस, सिंगापूर
दिनांक: १३ सप्टेंबर २०२५

मृत्युपत्र करणार:
(सही) दमयंती पद्मनाभ हर्डीकर

आमच्या दोघींच्या समक्ष, एकाच वेळी, वरील सही झाली. आम्हा दोघींना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) नीता देसाई, वकील

साक्षीदार २: प्रताप हर्डीकर (नाव खोडले आहे. खुर्ची घेतली. खाडाखोड मान्य. द. प. ह.)

साक्षीदार २: (सही) लिम सिऊ हुआ, शेजारी