म्हातारा नेलास, सुट्टे तरी दे

१२ जानेवारी २००१
साक्षरतेच्या शिलाबाई म्हणल्या, रूपाबाई, रोज चार ओळी लिहीत जा, न्हाई तर शिकलेली अक्षरं पळून जातील. माझ्या घरातून काही पळत न्हाई. तरी लिहिते.
आमचा नातू दिपक कडब्याच्या खोपीत बोंबलून राहिला. कुठून तरी गिटार आणलंय. सोबतीला वरातीत ढोल बडवणारा ओमप्रकाश. म्हणलं, पोट दुखून राहिलं का? तर म्हणला, दादी, हे रॉक हाय. राग आल्याबिगर येत न्हाई.
उद्यापासून ऐकायचं न्हाई. ठरलं.

१३ जानेवारी
ऐकलं. कानाला झाकण न्हाई, माझा काय दोष.
पैशाला शिव्या हायत नुसत्या.
पैशा, तुला दात न्हाई, तरी माणूस खातो.
पैशा, तुला पाय न्हाई, तरी माणूस नेतो.
आमचा म्हातारा नेलास, सुट्टे तरी दे.
म्हणलं, कोणता म्हातारा? म्हणला, आपलाच. मग मी चप्पल उचलली. दोघंबी पळाले. गिटार घेऊन पळता येतं.

१४ जानेवारी, संक्रांत
शिलाबाईंनी तीळगूळ दिला अन् विचारलं, कानापाशी हे चांदीचं काय लोंबतं? म्हणलं, घुगरी. आमच्या तांड्यात नवरा हाय तवर बाईच्या केसात राहती. गेला की उतरायची. म्हणल्या, मग मालक कुठं असतात? सुरतेला. कधी येणार? येईलच आता.
बाई लई विचारतात.

१७ जानेवारी
दिपकला समजावून सांगितलं. नेलं बिलं कोणी न्हाई. प्रेमसिंगचा बाप, म्हणजे तुझा आजा, आपल्या पायानं गेला, पैसा कमवायला. दिवाळीला येतो म्हणला. कोणत्या दिवाळीला ते म्हणला न्हाई. आधी मनिआर्डर यायची, मग बंद झाली. म्हणजे बँकेत टाकत असंल. मोठ्या रकमेला टाइम लागतो.
पोरगं म्हणलं, दादी, अठरा वर्सं झाली. तेवढ्यात मी जन्मलो, बारावीला फेलबी झालो. म्हणलं, तुला फेल व्हायला अठरा वर्सं लागली, त्याला कमवायला लागू नयेत का?
शेजारची पेमा कुडापलीकडून म्हणली, रूपा, घुगरी झिजली तुझी, पण बँक काही भरंना त्याची. तिला उत्तर द्यायचं न्हाई असं ठरवलं. दिलं.

२० जानेवारी
गाण्याची लाईन बदलून दिली. म्हातारा येऊन राहिला, वाट सोड त्याची. दिपकनं म्हणून पाहिली. ढोलात बसंना. ओमप्रकाश म्हणला, दादी, या लाईनीला रागच येत न्हाई. म्हणलं, तुला येत नसंल. मला येतो.
शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत प्रोग्राम हाय यांचा. तवर बसवीन.

२६ जानेवारी
गुजरातेत धरणी हलली. सरपंचाच्या टीव्हीवर पडलेल्या माड्या दाखवून राहिले. विचारलं, सुरत गुजरातेतच का? व्हय म्हणले.
मला टेन्शन न्हाई. त्याला पत्र्याखाली झोपायची सवय. पत्रा पडून माणूस मरत न्हाई.
भाकर दोनदा करपली. पीठ खराब लागलंय यंदा.

२७ जानेवारी
माझा लेक प्रेमसिंग म्हणला, याडी, मी जाऊन बघतो. म्हणलं, पैसे जास्त झाले का तुला? मग भाकरी बांधून दिल्या. दोन जादा टाकल्या. परतीला खाणारे दोघं असतील.

५ फेब्रुवारी
प्रेमसिंग आला. त्याच्यामागं जीपमधून आणखी कोणी उतरतंय का ते मी पाहिलं न्हाई. मागं कोंबड्यांची पाटी व्हती.
बाप जिता हाय. हातपाय बराबर. म्हणलं, बघ, सांगत व्हते न मी.
घर हाय म्हणला त्याचं तिथं. घरात बाई हाय. शाळेत जाणारी दोन लेकरं. जादाच्या भाकरी त्यांनी खाल्ल्या. बाप म्हणला म्हणे, चव तीच हाय.
रुमालात बांधून नोटा दिल्या त्यानं. निरोप दिला, घरावर नवे पत्रे टाकून घ्या.
प्रेमसिंग रडून राहिला. एवढा बाप्या गडी. म्हणलं, जेव आधी.
रुमालाची गाठ सोडली न्हाई. हात शेणाचे व्हते. हात धुतले. तरी न्हाई सोडली.

९ फेब्रुवारी
रुमाल दिपकला दिला. म्हणलं, जत्रेसाठी स्पीकर आण, सगळ्यात मोठा. पोरगं घाबरलं. म्हणलं, दादी, म्हाताऱ्याचे हायत का हे? म्हणलं, सुट्टे हायत.
पैशाला शिव्या द्यायलाबी पैसाच लागतो. एवढं रॉक मला कळतं.
जुनी लाईन परत घाल म्हणलं. माझी ढोलात बसत न्हाई तर जाऊ दे.

२१ फेब्रुवारी, शिवरात्र
औंढ्याला गेले. पोरांकडं बघायला कोणी पाहिजे म्हणून, न्हाई तर मला काय.
स्पीकर झकास. इतका झकास की एक माणूस पळत आला, म्हणला, बंद करा, भजनाला तकलीफ होऊन राहिली. दात झाले, पाय झाले, अन् वायर काढली. गाणं म्हाताऱ्यापर्यंत आलंच न्हाई. ऐकायला एक बांगडीवाली व्हती. तीबी उठून गेली.
येताना दिपकनं गिटार पोत्यात घातलं. मी जीपमध्ये राहिलेली लाईन हळूच म्हणून पाहिली, नुसतं बसती का बघायला. ड्रायवर म्हणला, मावशी, सुट्टे न्हाईत माझ्याकडं.

२२ फेब्रुवारी
सकाळपासून डोकं दुखून राहिलं. घुगरीनं केस ओढतात. दोन्ही बाजूची काढून डब्यात ठेवली. दुखायचं थांबलं की घालीन. अन् तो आलाच, तर घालायला किती टाइम लागतो.
हापशावर गेले. पेमानं माझ्या कानाकडं पाहिलं. हंडा खाली ठेवला. म्हणली, रूपा, कधी गेला?
म्हणलं, अठरा वर्सं झाली.
ती गळ्यात पडली अन् सूर लावला, आमच्या बाया मयताला लावतात तसा. नाव घेऊन, गुण सांगून. शंकरसिंग असा व्हता, शंकरसिंग तसा व्हता. अर्धं खोटं. जिता हाय म्हणून सांगणार व्हते, पण बाई एवढी रंगात आलेली, मधीच तोडणं बरं दिसंना.
वय झालं पेमाचं. एकटीला सूर झेपंना. म्हणून साथ दिली, बाकी काही न्हाई.