इस्त्री तापेपर्यंत

लाडक्या ताईस, धाकटीचा प्रेमाचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

लाँड्रीतली माझी मैत्रीण आठवते ना? काल तिच्या हातून नवरीचा झगा जळला, आणि मालकिणीला तिनं माझं नाव सांगितलं. माझ्या देखत गं! नोकरी राहते का, ते शनिवारी कळेल. तू मात्र जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

रोज इस्त्री तापेपर्यंत आम्ही दोघी हात धरून प्रार्थना करतो. ती बोलते, मी आमेन म्हणते. आजही तिनं हात पुढे केला. मी धरला, पण बोलले मीच: "देवा, खरं काय ते तुला ठाऊक आहे. मला तेवढं पुरे."

आणि खरंच पुरलं, ताई. मन निवलं.

आमेन मात्र ती म्हणाली नाही.

तुझीच,
धाकटी