पोटाला लावलेलं ग्रीस

बाबा, तुमच्या पोटावरचं ग्रीस काढायला आमच्या आयाबाईंनी रॉकेल मागितलं, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. ऐंशीच्या दशकात आपल्या मुलुंडला सोनोग्राफीचं मशीन म्हणजे नवलाई होती. त्या सेंटरमध्ये मी शिकाऊ डॉक्टर म्हणून नुकतीच लागले होते आणि सरांनी पहिल्यांदाच एक पेशंट सगळाच्या सगळा माझ्यावर सोपवला होता. तो पेशंट म्हणजे माझा स्वतःचा बाप, आणि त्याला कारखान्याचा वास येत होता.

तुम्ही भांडुपला पोलादी टाक्यांचे वेल्डिंगचे सांधे तपासायचात; तपासायला आलेला प्रत्येक नग तुमच्या भाषेत 'जॉब'. सांध्यावर ग्रीस फासायचं, त्यावरून आवाजाच्या लहरी आत सोडणारा प्रोब फिरवायचा. आत भेग असली की आवाज तिथूनच मागे फिरतो आणि हिरव्या पडद्यावर सुळका उठतो. तुमच्या उजव्या बरगडीखाली किती महिने दुखत होतं, आई ओवा देऊन थकली होती, मी तपासणीसाठी मागे लागले होते. तेव्हा तुम्ही काय करावं? जेवणाच्या सुट्टीत शर्ट वर करून स्वतःच्याच पोटाला ग्रीस लावलंत, वरून तोच प्रोब फिरवलात आणि घरी येऊन निकाल दिलात, "जॉब पास आसा. नुसतो गॅस." आईने गळ्याची शपथ घातली म्हणून सेंटरला यायला तयार झालात, पण येतानाही वाट वाकडी करून कारखान्यात पुन्हा एकदा खात्री करून घेतलीत.

सकाळपासून चहा नाही, त्यामुळे पारा आधीच चढलेला. "आमच्या जॉबाक कोण उपाशी ठेवणा नाय," टेबलावर आडवं होताना तुम्ही करवादलात. "मशीन कॅलिब्रेट केलंस काय गो?"

"बाबा, श्वास आत घ्या ना."

"माका शिकव नको."

"श्वास घ्यायला सांगतेय, शिकवत नाहीये!"

मग पित्ताशय दिसलं. आत एक पांढरा चकचकीत ठिपका आणि त्याच्या मागे काळा पट्टा. मान वाकडी करून तुम्ही पडद्याकडे बघत होतात, आणि तुमच्या चेहऱ्यावरची तपासनिसाची ऐट एकदम उतरली. आमच्याही मशीनमधला आवाज पुढे जाऊच शकला नाही की मागे असाच काळोख उरतो, हे तुम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

"रिजेक्ट?" तुम्ही विचारलंत. इतका बारीक आवाज मी तुमचा कधी ऐकला नव्हता. तुमच्याकडे रिजेक्ट झालेला माल भंगारात जातो, ते मला ठाऊक होतं.

"खडा आहे, बाबा. रिजेक्ट नाही, रिपेअर. ऑपरेशन करून काढतात."

तुमच्या ग्रीसच्या जागी आम्ही लावतो त्या जेलसकट तुम्ही माझं मनगट धरलंत. "परत बघ. नीट बघ." मी परत बघितलं. खडाच होता. "तू सांगतंस तर काढूया," तुम्ही म्हणालात, आणि मनगट काही सोडलं नाहीत.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. तो खडा बाटलीत घालून तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला दाखवत फिरलात, जणू तुम्हीच तो घडवला होता. पुढे कितीतरी वर्षं मजेत जगलात, आईशी भांडलात, नातवंडांना बिघडवलंत.

आता माझं स्वतःचं सेंटर आहे. हे लिहितेय खरं, पण पाठवणार कुठे? तर एवढंच सांगायचं होतं. पेशंटने पडद्याकडे मान वळवली की मी दटावते, "वर छताकडे बघा, नियम आहे." असा कुठलाही नियम नाही, बाबा. तुमचा तो चेहरा दुसऱ्या कोणावर पुन्हा बघायची माझी हिंमत होत नाही.